किल्ला तोच, कारभारी नवा!

दोस्तांनो, आवडत्या पुस्तकावर कार्टून फिल्म येणार म्हटलं, की निम्मी मंडळी नाचतात, निम्मी धास्तावतात. त्यात दिग्दर्शकच बदलला तर?

डायना विन जोन्स यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) या कादंबरीचं असंच झालं. जपानच्या स्टुडिओ घिबलीनं २००१ मध्ये फिल्मचं काम मामोरू होसोदा या तरुण दिग्दर्शकाकडे सोपवलं. पण दोघांचं काही जमेना. २००२ मध्ये तो बाहेर पडला, हायाओ मियाझाकींनी सूत्रं हाती घेतली आणि २००४ मध्ये फिल्म झळकली.

मियाझाकींचे चाहते एकदम खूश! पुस्तकवेडे मात्र फुरंगटले. कादंबरीत किल्ल्याचं दार थेट आपल्या जगातल्या वेल्समध्येही उघडतं. फिल्ममध्ये ते वेल्सच गायब, आणि युद्ध केवढं तरी वाढवलेलं! मला विचाराल, तर कोंबडीच्या पायांवर धूर सोडत चालणारा तो किल्ला बघितला की निम्मा राग पळतो. (वेल्सचा नाही हं!) खुद्द जोन्सबाईंना मात्र फिल्म आवडली होती.

आणि होसोदाचा किल्ला कसा दिसला असता? ते कोडंच राहिलं. त्यानं २००६ मध्ये ‘द गर्ल हू लेप्ट थ्रू टाइम’ केली, तीही कादंबरीवरूनच. मिळाली तर बघाच!