मिठीची भिंत आणि कुर्ल्याचा कामगार

पावसाळा तोंडावर आला की मिठी नदीतून काढलेल्या गाळाचे आकडे जाहीर होतात आणि पावसाळा ओसरला की विसरले जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्याला दोन दशके उलटली. या काळात पात्र रुंद व खोल करण्यावर आणि काठांवर संरक्षक भिंती उभारण्यावर जनतेचा अमाप पैसा खर्च झाला. तरीही १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठीने धोक्याची पातळी ओलांडली आणि कुर्ल्याच्या क्रांतिनगरातील रहिवाशांना घरे सोडावी लागली. असे का होते, हा प्रश्न केवळ अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही.

विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली ही नदी सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीस मिळते. अखेरच्या टप्प्यात तिच्यावर भरती-ओहोटीचा अंमल चालतो. मोठ्या भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही. अशा ठिकाणी नुसती भिंत बांधली तर नदी वस्तीबाहेर राहील, पण वस्तीत पडलेल्या पावसाची नदीकडे जाण्याची वाटही तीच भिंत अडवील. नाल्यांची मुखे उघडी ठेवली, तर भरतीचे पाणी त्याच मार्गाने गाळ्यांत शिरेल. म्हणून भिंतीबरोबर नाल्यांच्या मुखांशी दारे, दारे मिटल्यावर पाणी उपसणारे पंप, त्या पंपांना खात्रीची वीज आणि पुरेसे रुंद नाले ही सारी साखळी एकत्र उभी राहावी लागते. साखळीची एक कडी निसटली तर बाकीचा खर्च पाण्यात जातो. मुंबईचे जुने नाले ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले होते. ही क्षमता दुप्पट करण्याची ब्रिमस्टोवॅड योजना १९९३ मध्येच तयार झाली होती. २००५ चा प्रलय आला तेव्हा ती बहुतांशी कागदावरच होती.

नदीचा गळा कोणी आवळला, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिवरांच्या व पाणथळ जमिनीवर भराव घातला गेला. विमानतळाच्या धावपट्टीसाठी प्रवाहाला काटकोनात वळवण्यात आले. प्रलयानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीने प्रवाहातील अडथळ्यांची मीमांसा केली. परंतु अतिक्रमण म्हटले की सरकारी बोट वळते ते झोपडीकडे आणि भंगाराच्या गाळ्याकडेच! या गाळ्यांतील तेल, रसायने आणि कचरा नदीत जातो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु या लहान उद्योगांसाठी सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचरा उचलण्याची व्यवस्था उभारल्याखेरीज त्यांना गुन्हेगार ठरविणे हा न्याय नव्हे.

मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटी रुपयांचा अपहार झाल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदविला. न्यायालयात जे सिद्ध व्हायचे ते होईल. परंतु काढलेला गाळ कोठून कोठे गेला, हे तपासण्याचे साधन काठावरच्या नागरिकाच्या हाती नाही. लोकांच्या देखरेखीवाचून चालणारे काम ठेकेदारीला मोकळे रान देते.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. भिंत, दारे आणि पंप यांचे वेळापत्रक विभागवार जाहीर व्हावे. गाळाच्या मोजमापावर स्थानिक रहिवासी व कामगार यांची समिती असावी. रुंदीकरणात उठविलेल्यांचे पुनर्वसन रोजगाराच्या टप्प्यातच व्हावे. पुराच्या पंचनाम्यात भाड्याच्या गाळ्यातील कारागिराची अवजारे आणि मजुराचा बुडालेला रोज यांचीही नोंद व्हावी.

कुर्ला, साकीनाका व धारावी येथील कार्यकर्त्यांनी ओहोटीच्या वेळी काठाने फिरून नाल्यांच्या मुखांची पाहणी करावी आणि कोठे दार आहे, कोठे नाही, कोणते अडकले आहे याची यादी करून ती प्रभाग कार्यालयात द्यावी. ही यादी हाती असेल तर अधिकाऱ्यांना मोघम उत्तरे देऊन निभावता येणार नाही. पूर निसर्गाचा असेल. तो कोणाच्या घरात शिरावा हे मात्र माणसेच ठरवीत आली आहेत. तो निर्णय आता कष्टकऱ्यांना विचारल्यावाचून होता कामा नये.