द्राक्षाला विचारतात, उसाला का नाही?

गेल्या जानेवारीत नवी मुंबईच्या वाशी मार्केटातील मित्रांबरोबर आम्ही कसारा घाट चढून दिंडोरीकडील एका लहानशा वाईनरीत गेलो. मंडळी पेल्यांकडे वळली, आम्ही बागेत शिरलो. (आमचा रस उसाचाच!) तेथे एक गडी निरनिराळ्या वेलींचे मणी चुरून रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहत होता. साधारण २२ भरल्याशिवाय त्या प्लॉटला कात्री लावीत नाहीत म्हणे.

सभासद बंधूंनो, हेच यंत्र आमच्या शेतकी खात्याच्या कपाटात आहे. पण आपली तोड चालते लागणीच्या तारखेवर, अन् खरे सांगायचे तर कधी वशिल्यावरही. एफआरपीचा पाया १०.२५ टक्के उतारा, आणि उतारा धरतात तो साऱ्या कारखान्याचा सरासरी. कोवळा ऊस एकाचा, भुर्दंड सगळ्यांना.

बुडख्याचा आणि शेंड्याचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला की ऊस पक्का. येत्या हंगामात प्रत्येक फडाचे हे दोन आकडे घेऊन गट ऑफिसच्या फळ्यावर लिहावेत आणि पाळी त्यावरूनच द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाळी मागे गेली म्हणून आमच्यावर कोणी रागावले तरी चालेल.