शेजारच्या जागेचे दाम

गेल्या दिवाळीत आम्ही चौघे आजीला घेऊन सुरतहून बेंगळुरूला विमानाने गेलो. शेजारच्या जागांना जादा पैसे पडतात म्हटल्यावर बाबांनी ते वाचवले. परिणामी आजी पुढे एकटी आणि आम्ही मागे विखुरलेले. आजी निपाणीकडची, मराठी-कन्नड सोडून तिसरी भाषा येत नाही. पट्टा शेजारच्या गृहस्थांनी बांधून दिला. परंतु दोन तास ती पाण्यावाचून बसली होती, हे उतरल्यावर कळले.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. खिडकीचे, पाय पसरायला ऐसपैस जागेचे जादा दाम कंपनीने खुशाल घ्यावे. त्यामुळे मूळ भाडे कमी राहते, हेही मान्य. पण एका तिकिटावरची माणसे कुठेतरी बसणारच. शेजारी बसवली म्हणून इंधन जास्त जळत नाही. मग हे दाम कशाचे? रेल्वेत तर शिल्लक असल्यास वृद्धांना खालचा बर्थ जादा पैसे न घेता मिळतो.

२०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच तिकिटावरील एका तरी पालकाजवळ जागा देण्यास सांगितले. आजीला त्याचा काय उपयोग? सगळे कुटुंब एका रांगेत हवे, असे माझे म्हणणे नाही. मला खुशाल शेवटच्या रांगेत बसवा. साठीपुढच्या माणसाजवळ घरचे एक माणूस विनामूल्य बसवावे, एवढेच.

परतीला बाबांनी मुकाट्याने पैसे भरले. आजीला अजून सांगितलेले नाही.