‘निर्भीक’ हाती, भीती कायम

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच पार्श्वभूमीवर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. वजन सुमारे ५०० ग्रॅम. पर्समध्ये सहज मावणारे. मात्र किंमत सव्वा लाखाच्या घरात. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना बंधनकारक. रात्री बसने घरी परतणाऱ्या सामान्य नोकरदार स्त्रीच्या आवाक्यात यातील काहीच नव्हते. शस्त्र बाहेर काढेपर्यंत हल्लेखोर अंगावर आलेला असतो, हा धोका वेगळाच. शस्त्राचे वजन कमी करणे निर्माणीला साधले. परंतु रस्ते निर्धोक ठेवण्याची जबाबदारी सरकारला अशी स्त्रीच्या पर्समध्ये ढकलता येणार नाही.