संगतीच्या माथी खापर

"मुलगा संगतीने बिघडला" हे वाक्य आपल्या धर्मग्रामात इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की ऐकणारा आता "कसा?" असे विचारतही नाही. मिस्सा आटोपल्यावर आईबाप पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कार्यालयात घेऊन येतात, "फादर, तुम्हीच याला चार शब्द सांगा" म्हणतात, आणि मुलगा भिंतीकडे पाहत उभा राहतो. त्याच्या मित्रांची नावे, त्यांच्या दुचाक्या, कॉलेज रोडवर त्यांचा अड्डा कुठे असतो, ही सारी माहिती पालकांना मुखोद्गत असते. मुलाला रात्री झोप लागते का, एवढे विचारले की मात्र दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. संगतीवरच्या आरोपात तथ्य आहे. पण तथ्यापेक्षा त्यात सोय अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथ्य किती, ते आधी मान्य करू. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तिन्ही वयांच्या लोकांना त्यांनी संगणकावर मोटार हाकण्याचा खेळ खेळायला लावले; काहींना एकट्याने, काहींना सोबत्यांच्या देखत. सोबती पाहत असताना किशोरांनी कितीतरी अधिक धोके पत्करले. प्रौढांवर तसा परिणाम दिसला नाही. मित्रांच्या नजरेची धुंदी या वयाला चढते, हे खरेच. पण ज्या मुलाला घरात कोणी डोळे भरून पाहतच नाही, ज्याची ओळख गुणपत्रिकेपुरती उरली आहे, त्याला ती अधिक चढणार नाही काय?

आपल्याच नाशिकचे उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हते. परंतु मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की त्यांच्यावाचून आपले पान हलत नाही. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या या मुलाचा सारा जीव आईवर. वडील तापट आणि कठोर. आई लवकर वारली. मुलाने घर सोडले आणि तो नाशिकला आला. इथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ तो संस्कृत शिकला. आजच्या भाषेत सांगायचे तर मुलगा पळाला आणि भलत्याच लोकांत जाऊन राहिला! पण त्याला उंबऱ्याबाहेर काढणारा कोणी टवाळ मित्र नव्हता. घरातले मायेचे माणूस गेले होते. आणि त्याला सावरले ते बाहेरच्या माणसांनी.

मात्र जखम भरली असे मला वाटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' पुन्हा एकदा वाचा. नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली ही मुलगी अकराव्या वर्षी टिळकांची पत्नी झाली. नवरा न सांगता उठून जातो, एका ठिकाणी टिकत नाही, पैसा हाती ठरत नाही, राग अनावर होतो. हे सारे ती माउली हसत हसत लिहिते. किशोरवयात ज्याने घर सोडले तो जन्मभर घर सोडत राहिला, असा अर्थ मी त्यातून काढतो. कविमनाची भटकी वृत्ती म्हणून कोणाला त्याचे कौतुक वाटते, वाटो बापडे. चुलीपाशी वाट पाहणाऱ्या बाईला त्याची किंमत ठाऊक होती.

संगतीला सरसकट दोष देणाऱ्यांनी शरणपूरही आठवावे. आपली मुले ज्या शरणपूर रोडने क्लासला जातात, त्या नावाची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने उभारली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुले तिथे वाढली. आईबाप नाहीत, गाव नाही, भाषाही परकी. होती ती एकमेकांची सोबत. त्यांपैकी जेकब वेनराइट आणि त्याचे काही नाशिककर सोबती १८७२ मध्ये आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या दिमतीला गेले. पुढच्या वर्षी लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा इतर सेवकांसह या तरुणांनी त्यांचा देह महिनोन्महिने पायपीट करून किनाऱ्याला आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, त्या वेळी शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता. आईबाप नसले तरी चालते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण पोरांची टोळी म्हणजे बिघाडच, हे समीकरण नाशिकच्या मातीत तरी टिकत नाही.

आणि पवित्र कुटुंबाचे काय? लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमला मागे राहिला, तेव्हा मरिया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले होते. मुलगा सोबतच्या तांड्यात असेल, असा त्यांचा भरवसा होता. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. मातेने प्रश्न विचारला आणि आपले दुःखही त्याच्यापुढे बोलून दाखवले. मुलाने दिलेले उत्तर दोघांना उमगले नाही. ते न उमगलेले उत्तर तिने अंतःकरणात ठेवले, "तुला हे कोणी शिकवले?" म्हणून मंदिरातल्या गुरुजनांकडे बोट दाखवले नाही.

आपले उपाय मात्र ठरलेले: मोबाईल काढून घ्या, मित्र तोडा, वसतिगृहात टाका, क्लासची वेळ वाढवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे; त्यांत सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातल्या. या आकड्यांना एकच कारण चिकटवणे अन्यायाचे ठरेल. पण एखादे पोर आतून खचत चालले आहे, हे पुष्कळदा प्रथम कळते ते त्याच्या मित्राला. तोच मित्र आपण दारातून परतवलेला असतो! मग निरोप आणणार कोण?

धर्मग्रामानेही कानावर हात ठेवू नयेत. दृढीकरणाचा संस्कार होईपर्यंत आपण या मुलांची हजेरी घेतो. त्यानंतर ती आठवतात ती फेस्ताला खुर्च्या मांडायला आणि नाताळात गोठा उभारायला. संत डॉन बॉस्को यांनी कीएरीच्या शाळेत असताना स्वतःच्या सोबत्यांचे 'आनंद मंडळ' काढले होते, ते १८३२ साली. आपल्याकडे युवक मंडळाच्या सभेत चार वडीलधारी बोलतात आणि पोरे घड्याळ पाहतात.

"म्हणजे त्या टवाळांना घरात घ्यायचे काय, फादर?" असे कोणी विचारील. होय, घ्यावे. नावे तुम्हांला पाठ आहेतच. रविवारी दुपारी जेवायला बोलवा, त्यांची आई कुठे कामाला जाते ते विचारा, आणि वाढून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसून त्यांचे बोलणे ऐका. त्यांपैकी एखादा खरोखरच नशेच्या नादी लागलेला निघाला, तर तेही त्याच जेवणात ध्यानी येईल. मग त्याच्या आईबापांना गाठा आणि मुलांसह सगळे मिळून डॉक्टरांकडे जा. माझ्या कार्यालयात नंतर या. येताना मुलाला हाताला धरून आणू नका. त्याची इच्छा असली तर तो मित्राला घेऊन येईल.