शेवटी येणारी गाडी

काय दोस्तांनो, झाला का गृहपाठ? नसेल तर आधी तो उरका, कारण आजची गोष्ट लांबची आहे. किती लांबची? थेट लंडनपासून सिडनीपर्यंतची!

त्याचं असं झालं, की गेल्या आठवड्यात दोन पत्रं आली. पहिलं साताऱ्याच्या एका सातवीतल्या मित्राचं. तो लिहितो, "काका, माझा दादा मोटारसायकलवरून यवतेश्वरचा घाट इतक्या कमी मिनिटांत चढतो, की त्याचे मित्र त्याला रॅली चॅम्पियन म्हणतात. खरे रॅली चॅम्पियन याहून किती जोरात जातात?" दुसरं पत्र सांगलीच्या एका मैत्रिणीचं. तिला प्रश्न पडलाय, की रॅलीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलेला तो दुसरा माणूस नुसता हवा खायला बसतो की काय?

आधी सांगलीचं उत्तर. अगं, तो हवा खात नाही, वही वाचतो! रॅली म्हणजे गोल मैदानात फेऱ्या मारणं नव्हे. एका गावाहून दुसऱ्या गावाला, डोंगरातून, मातीतून, कधी बर्फातून जायचं. सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत, ठरावीक वेळानं एकेक सोडतात. मुक्कामाच्या ठिकाणी घड्याळवाले बसलेले असतात. शेजारचा माणूस, म्हणजे सहचालक, पुढचं वळण किती अवघड आहे ते वाचून सांगतो आणि वेळेचा हिशेबही ठेवतो. १९८१ साली इटलीतली सान रेमो रॅली जिंकून मिशेल मूतों ही जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी पहिली स्त्री ठरली. तेव्हा तिच्या शेजारी वही घेऊन बसलेली फाब्रिझिया पोन्स हीसुद्धा स्त्रीच होती. चॅम्पियन एकटा नसतो, बरं का!

आता साताऱ्याचं उत्तर. त्यासाठी आपल्याला १९६८ सालात जायला हवं.

त्या वर्षी २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. जायचं होतं सिडनीला. युरोप ओलांडून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, मग दिल्ली आणि तिथून कुठे? तर आपल्या मुंबईला! मुंबईत गाड्या 'चुसान' नावाच्या बोटीवर चढवायच्या, ऑस्ट्रेलियात उतरवायच्या आणि पर्थहून सिडनीपर्यंत पुन्हा पळवायच्या. बोटीचा प्रवास सोडून एकूण सुमारे १६ हजार किलोमीटर. साताऱ्याहून सांगली सव्वाशे किलोमीटर धरली तर अशा किती खेपा होतील? करा भागाकार! १२८. तेवढंही थांबत, चहा पीत नाही, तर घड्याळाच्या काट्यावर. एक मिनिट उशीर झाला की एक दंडाचा गुण. ज्याचे दंडाचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला.

स्पर्धेत एकाहून एक नावाजलेले ड्रायव्हर होते. रॉजर क्लार्क हा इंग्लंडचा वेगवान गडी तुर्कस्तानातल्या खडबडीत वाटेवरच पुढे गेला आणि मुंबईत पोचला तेव्हाही पहिलाच होता. तिसरा होता बेल्जियमचा ल्युसियाँ बियांकी. त्यानं त्याच वर्षी ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती. पॅडी हॉपकर्क होता, १९६४ साली छोटुकल्या मिनी गाडीतून माँटे कार्लो रॅली जिंकून सगळ्यांना चकित करणारा.

आणि एक होता अँड्र्यू कोवन. स्कॉटलंडचा शेतकरी गडी. त्यानं कारखान्याकडे गाडी मागितली ती कशी माहीत आहे? 'शेवटी येईल अशी'! हसलात ना? पण त्याचं गणित ऐका. वाट इतकी वाईट आहे, की सिडनीपर्यंत जेमतेम पाच-सहा गाड्या पोचतील. त्यांच्यात शेवटी आलो तरी भरपूर झालं! म्हणून त्याला पळणारी नको, टिकणारी गाडी हवी होती. त्याला मिळाली हिलमन हंटर. कुटुंबानं फिरायला जायची, अगदी साधीसुधी गाडी.

मुंबईला ९८ पैकी ७२ गाड्या पोचल्या. ऑस्ट्रेलियात खरी कसोटी लागली. क्लार्कचं इंजिन बिघडलं. संघातल्या दुसऱ्या गाडीचे भाग काढून त्यानं आपली गाडी पुन्हा चालती केली. मग मागचा अ‍ॅक्सल गेला. आता काय? रस्त्याच्या कडेला त्याच बनावटीची एक गाडी उभी होती. यानं तिच्या मालकाला गळ घातली आणि त्याच्या गाडीचा अ‍ॅक्सलच विकत घेतला! आपल्या गॅरेजवाल्यांनीही टाळी द्यावी असा जुगाड. पण त्यात तासाहून जास्त वेळ गेला आणि पहिला असलेला क्लार्क शेवटी दहावा आला.

आता बियांकी पहिला झाला. शर्यत जवळजवळ संपली होती. सिडनी दीडेकशे किलोमीटरवर होती. गाडी त्याचा जोडीदार चालवत होता. आणि समोरून एक गाडी आली. समोरासमोर धडक! बियांकीच्या गाडीचा चक्काचूर झाला, दोघेही जबर जखमी झाले.

तिथे सगळ्यांत आधी पोचला पॅडी हॉपकर्क. दोस्तांनो, इथे क्षणभर थांबा. सोळा हजार किलोमीटरची वाट, तीन आठवड्यांची शर्यत, आणि पहिल्या नंबरची गाडी बाद झालेली. आता जिंकायची संधी आहे. प्रत्येक मिनिटाला एक गुण जातो. तुम्ही काय केलं असतं?

हॉपकर्कनं गाडी थांबवली. तो आणि त्याचे जोडीदार जखमींकडे धावले, पेटलेल्या गाड्या विझवल्या. मागून कोवन आला, त्यानंही वेग कमी केला. तेव्हा 'इथलं आम्ही बघतो, तू जा' अशी खूण त्याला मिळाली.

निकाल लागला. शेवटपर्यंत पोचलेल्या गाड्या ५६. पहिला अँड्र्यू कोवन, दंडाचे गुण ५०. दुसरा पॅडी हॉपकर्क, ५६. फरक फक्त सहा गुणांचा! गंमत म्हणजे थांबूनसुद्धा त्या टप्प्यात हॉपकर्कचा एकही गुण गेला नाही. पण थांबला तेव्हा त्याला हे कुठे माहीत होतं?

कोवननं १९७७ साली लंडन ते सिडनी रॅली पुन्हा जिंकली. म्हणजे पहिला विजय काही नशिबाचा नव्हता. तो २०१९ साली गेला, हॉपकर्क २०२२ साली. आता नवे विक्रम झाले आहेत. फ्रान्सच्या सेबास्तियाँ लोएबनं २००४ ते २०१२ सलग नऊ वर्षं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. आपल्या गौरव गिलनं आशिया-पॅसिफिक अजिंक्यपद तीनदा जिंकलं आणि २०१९ साली अर्जुन पुरस्कारही मिळवला. पण मला चॅम्पियन म्हटलं की आधी ते दोघे आठवतात. एक टिकणारा, एक थांबणारा.

तेव्हा साताऱ्याच्या मित्रा, दादाला एवढं सांग. आजच्या रॅलीत ज्या टप्प्यावर वेग मोजतात, तो रस्ता इतरांसाठी बंद असतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर हेल्मेट असतं, गाडीत लोखंडी पिंजरा असतो, रुग्णवाहिका तयार असते. यवतेश्वरच्या घाटात समोरून एसटी येते, शेळ्या येतात, कासची फुलं बघायला निघालेलं एखादं कुटुंब येतं. समोरून गाडी आली की काय होतं ते बियांकीला विचारावं. आणि जगातले चॅम्पियन तर गाडी शाबूत कशी राहील हे आधी बघतात!

जाता जाता, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगतो. मी एसटीनं सांगलीला निघालो होतो. कराडच्या अलीकडे हायवेवर एक मोटारसायकलवाला पडलेला. गाड्या जरा हळू व्हायच्या, खिडकीतून मोबाईल बाहेर यायचे, फोटो निघाला की पुढे! तेवढ्यात हळदीची पोती भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं टेम्पो आडवा लावून मागची वाहनं अडवली, १०८ला फोन केला, गर्दी मागे हटवली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्या माणसाशी बोलत बसला. मग कपड्यावरची धूळ झटकून निघून गेला. माल उशिरा पोचला म्हणून त्यानं बोलणी खाल्ली असतील का कोण जाणे. मला मात्र तो आपल्याकडचा हॉपकर्क वाटला.

आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. मदत केली तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, ही भीती आता सोडा. अपघातात चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला २०१९ सालापासून मोटार वाहन कायद्यातच संरक्षण आहे. नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. आणि मुलांनो, तुम्ही रस्त्यावर धावत जायचं नाही. मोठ्या माणसाला हाक मारायची आणि १०८ किंवा ११२ला फोन करायचा. एवढं जमेल ना?

आता गृहपाठ. घरी सगळ्यांना विचारा, "तू कधी रस्त्यात कुणासाठी थांबला होतास का?" उत्तरं मला लिहून पाठवा. दादाचंसुद्धा!

तुमचा,
काका