विश्लेषण : परदेशात नोकरी एकाला, दुसऱ्याच्या पगाराचे काय?

भाईंदर पूर्वेच्या नवघर परिसरातील अनेक घरांचे गणित दोन पगारांवर उभे आहे. एकातून फ्लॅटचा हप्ता जातो, दुसऱ्यातून घरखर्च भागतो. अशा घरातील एकाला लंडन, सिंगापूर किंवा स्टुटगार्टमध्ये नोकरी मिळाली की आधी पगाराचे रुपये मोजले जातात. जोडीदाराला तिथे काम करता येईल का, हा प्रश्न मात्र मागे पडतो. महागड्या शहरात संसार टिकणार की नाही, हे अनेकदा त्याच्याच उत्तरावर ठरते.

जोडीदाराला कुठे काम करता येते?

प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. जर्मनीत ‘ब्लू कार्ड’धारकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते आणि व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही. अर्थात, भाषा येत नसेल तर नोकरी मिळणे कठीणच. ब्रिटनमध्ये ‘स्किल्ड वर्कर’च्या जोडीदाराला काम करता येते, पण मार्च २०२४ मध्ये नव्याने जाणाऱ्या केअर वर्कर्सना कुटुंब नेण्यास बंदी घालण्यात आली. सिंगापूरमध्ये १ मे २०२१ पासून ‘डिपेंडंट पास’वर आलेल्या जोडीदाराला नोकरीसाठी स्वतंत्र वर्क पास लागतो. अमेरिकेत २०१५ पासून ‘एच-४’धारकांना कामाची परवानगी मिळू लागली, पण ती सरसकट नाही. ‘एच-१बी’धारकाची ग्रीन कार्ड प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेलेली असावी लागते. तोवर शिकलेल्या, अनुभवी माणसाला घरी बसावे लागते.

पहिला पगार येण्याआधी किती खर्च?

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. तिथे आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड असून तो व्हिसाच्या संपूर्ण मुदतीसाठी अर्जासोबतच भरावा लागतो. दोघांचे तीन वर्षांचे ६,२१० पौंड, म्हणजे सात लाख रुपयांहून अधिक होतात. व्हिसा शुल्क आणि विमानभाडे वेगळे. लंडनमध्ये घर घेताना साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी अनामत द्यावी लागते, शिवाय कौन्सिल टॅक्स असतोच. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकते. यातले कंपनी काय भरणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यायला हवे.

इथल्या घराचे काय?

हप्ता थांबत नाही. फ्लॅट भाड्याने द्यायचा तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवावा लागतो आणि महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे. मालक अनिवासी झाला की भाडेकरूला कर कापून भाडे द्यावे लागते. नेहमीचे बचत खातेही ‘एनआरओ’ करून घ्यावे लागते. विवाह नोंदणी दाखला नसेल तर जोडीदाराचा व्हिसा अडू शकतो. तो महापालिकेतून वेळेत काढून ठेवावा.

निर्णय कसा घ्यावा?

हिशेब एका पगाराचा मांडावा. तिथले भाडे, विमा, प्रवास आणि इथला हप्ता एकाच पगारातून भागत असेल, तरच होकार द्यावा. जोडीदाराला नोकरी मिळाली तर तो पगार बचत समजावा. भागत नसेल, तर पगार वाढवून मागावा किंवा पहिले काही महिने एकट्याने जावे. नियम बदलत असतात, त्यामुळे एजंटच्या शब्दावर न जाता त्या देशाचे सरकारी संकेतस्थळ पाहावे.

मुद्दा पैशांपुरताच नाही. अशा वेळी नोकरी सोडण्याची अपेक्षा बहुधा पत्नीकडूनच केली जाते आणि करिअरमध्ये पडलेला खंड नंतर भरून काढणे अवघड जाते. तिने इथली नोकरी सोडायची, बिनपगारी रजा घ्यायची की मागाहून जायचे, हे राजीनामा लिहिण्याआधी दोघांनी ठरवायला हवे. ऑफर एकाच्या नावावर येत असली, तरी तिची किंमत दोघे मोजतात; म्हणून होकारही दोघांचा हवा.